मॉर्मन परिषदेत कोण बोललं? माझ्या चुकलेल्या आलेखाची गोष्ट

लिन जी. रॉबिन्स हे पुरुष आहेत. नील एफ. मॅरियट या बाई आहेत. हे मला आधी माहीत असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते.

सुरुवातीपासून सांगते. माझी एम.एस्सी. संख्याशास्त्रातली. पीएचडीत मी भाषणांच्या मोठ्या संग्रहांवर काम करते. हजारो भाषणं संगणकावर घ्यायची आणि काळानुसार त्यांत काय बदललं ते मोजायचं, असं थोडक्यात म्हणता येईल. माझा मुख्य संग्रह वेगळा आहे. पण पद्धत तपासायला मला एक लांबलचक, सलग, नीट जपलेली मालिका हवी होती. शोधताशोधता अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चची 'जनरल कॉन्फरन्स' सापडली आणि मी अक्षरशः हरखले. दर वर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये परिषद. सगळी भाषणं छापील. १८९७ पासून 'कॉन्फरन्स रिपोर्ट' सलग उपलब्ध, आणि १९७१ पासूनचा मजकूर चर्चच्याच संकेतस्थळावर कुणालाही वाचायला मोकळा. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या मार्क डेव्हिस या भाषाशास्त्रज्ञाने तर १८५१ ते २०१० पर्यंतच्या भाषणांचा सुमारे २.४ कोटी शब्दांचा संग्रहच तयार करून ठेवला आहे. डेटावर काम करणाऱ्यांना यापेक्षा काय हवं?

ज्यांना या चर्चबद्दल फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी चार ओळी. जोसेफ स्मिथने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केलं. स्मिथचा १८४४ मध्ये जमावाने खून केला. पुढे ब्रिगहॅम यंगच्या नेतृत्वाखाली बहुसंख्य अनुयायी पश्चिमेला युटाच्या वाळवंटात गेले आणि त्यांनी सॉल्ट लेक सिटी वसवली. आज सभासदसंख्या १.७ कोटींच्या वर आहे, आणि १९९६ पासून निम्म्याहून जास्त सभासद अमेरिकेबाहेरचे आहेत. 'मॉर्मन' हे नाव चर्चला स्वतःला आता आवडत नाही. पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असं आहे. लांबी बघून मी इथे जुनंच नाव वापरते.

परिषद भरते ती सॉल्ट लेक सिटीतल्या एकवीस हजार आसनांच्या कॉन्फरन्स सेंटरमध्ये. ते २००० साली सुरू झालं. तिथला भाषणाचा मंच तेव्हाचे अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांच्या परसातल्या अक्रोडाच्या झाडाच्या लाकडाचा आहे. माझा प्रश्न साधा होता : त्या मंचामागे उभं राहून बोलणाऱ्यांत बायका किती, आणि गोरे अमेरिकन सोडून इतर किती? आणि हे प्रमाण काळानुसार कसं बदललं?

मी काय केलं, तर पहिल्या नावांवरून स्त्री-पुरुष ओळखणारी एक तयार यादी घेतली आणि सगळी नावं तिच्यातून काढली. आलेख सुंदर आला. चढता. मी तो मॅडमना (म्हणजे माझ्या गाईडना) दाखवला. त्यांनी तो फारसा बघितलाच नाही. म्हणाल्या, "यातली दहा नावं काढ आणि प्रत्येकाचा फोटो बघ."

पहिलंच नाव लिन. लिन म्हणजे बाई, असं माझी यादी म्हणत होती. युटात लिन हे पुरुषांचंही नाव असतं. लिन रॉबिन्स, लिन मिकेल्सन हे दोघंही पुरुष, दोघंही 'सेव्हन्टी' या वरिष्ठ मंडळातले. किम बी. क्लार्क हे हार्वर्ड बिझनेस स्कूलचे माजी डीन, तेही पुरुष. जॅन ई. न्यूमन, पुरुष. उलट नील मॅरियट या तरुण मुलींच्या संघटनेच्या केंद्रीय अध्यक्षमंडळात होत्या आणि सिडनी एस. रेनॉल्ड्स लहान मुलांच्या संघटनेच्या. जीन ए. स्टीव्हन्स हे नाव फ्रेंच यादी लावली तर पुरुषाचं ठरतं. आणि याच जीन स्टीव्हन्सनी ६ एप्रिल २०१३ रोजी परिषदेच्या सत्रात प्रार्थना म्हणणारी पहिली स्त्री म्हणून इतिहासात जागा मिळवली आहे. म्हणजे चुकीची यादी लावली असती तर ही घटना माझ्या शीटमध्ये घडलीच नसती!

नावं हाताने तपासायला वेळ लागला, पण ती दुरुस्त होण्यासारखी चूक होती. खरी चूक पुढे होती. मी व्यासपीठ मोजत होते. व्यासपीठापर्यंत जाणारी शिडी बघितलीच नव्हती.

या परिषदेत वक्त्यांना बाहेरून आमंत्रण देत नाहीत. वक्ता होण्यासाठी पद लागतं. सगळ्यांत वर अध्यक्ष आणि त्यांचे सल्लागार, सहसा तिघे. त्यांच्याखाली बारा प्रेषितांचं मंडळ. हे पंधरा जण बहुतेक प्रत्येक परिषदेत बोलतात, अध्यक्ष तर एकाहून अधिक वेळा. प्रेषित हयातभर पदावर असतात, आणि अध्यक्ष वारला की सर्वांत जास्त काळ प्रेषित राहिलेला माणूस अध्यक्ष होतो. त्यानंतर सेव्हन्टी, शंभराच्या आसपास. हे साधारण सत्तराव्या वर्षी निवृत्त होतात आणि एखाद्याच्या वाट्याला सगळ्या कारकिर्दीत एक-दोनच भाषणं येतात. या सगळ्या पदांसाठी पौरोहित्य, म्हणजे त्यांच्या भाषेत 'प्रीस्टहुड', आवश्यक आहे. ते बारा वर्षांच्या मुलालाही मिळू शकतं, पण कुठल्याही वयाच्या बाईला मिळत नाही.

बायकांच्या वाट्याला तीन संघटनांची अध्यक्षमंडळं येतात : प्रौढ स्त्रियांची रिलीफ सोसायटी, तरुण मुलींची संघटना आणि लहान मुलांची 'प्रायमरी'. प्रत्येकी तीन, एकूण नऊ जणी. मुदत साधारण पाच वर्षं. म्हणजे बोलू शकणाऱ्या बायका नऊ, आणि बोलू शकणारे पुरुष शंभरावर. परिषदेत तीसच्या आसपास भाषणं होतात, त्यातल्या बायका एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. आता हे प्रमाण 'कमी' आहे असं म्हणताना नेमकं कशाच्या तुलनेत? सभासदांतल्या निम्म्या बायकांच्या तुलनेत फारच कमी. पदाधिकाऱ्यांतल्या नऊ जणींच्या तुलनेत तितकं कमी नाही. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि दोन्हींचा अर्थ वेगळा. छेदात काय ठेवायचं हा प्रश्न संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, आणि पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला मी तो विसरले होते.

हे लक्षात आल्यावर वंशाचा आणि स्त्रियांचा असे दोन्ही आलेख वेगळे काढले, आणि तेव्हा दिसलं की ते दोन वेगळ्या कारणांनी हलतात. मला या सगळ्या खटाटोपातून मिळालेली खरी गोष्ट ही एवढीच आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

आधी वंश. एलायजा एबल या कृष्णवर्णीय माणसाला १८३६ मध्ये पौरोहित्य मिळालं होतं. म्हणजे सुरुवातीला बंदी नव्हती. १८५२ मध्ये ब्रिगहॅम यंगने कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य नाही असं जाहीर केलं. याबरोबर कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष दोघांनाही मंदिरातले सर्वांत महत्त्वाचे विधी बंद झाले. जेन मॅनिंग जेम्स ही जोसेफ स्मिथच्या घरी राहिलेली, युटाला आलेली निष्ठावंत बाई. ती वर्षानुवर्षं या विधींसाठी अर्ज करत राहिली. १८९४ मध्ये तिला मिळालं काय, तर स्मिथ कुटुंबाशी 'नोकर' म्हणून जोडणारा विधी, आणि तोही तिच्या जागी दुसऱ्याच कुणाला उभं करून. १९०८ मध्ये ती वारली. अर्ज शेवटपर्यंत मान्य झाला नाही.

बंदी उठली जून १९७८ मध्ये. अध्यक्ष स्पेन्सर किंबॉल यांनी ८ जूनच्या पत्रानं जाहीर केलं की पात्र असलेल्या सर्व पुरुषांना वंशाचा विचार न करता पौरोहित्य मिळेल. त्यामागे ब्राझीलचा मोठा हात होता. साओ पाउलोत मंदिर बांधायला घेतलं होतं, आणि ज्या देशात पिढ्यान्‌पिढ्या रक्त मिसळलेलं आहे तिथे कुणाच्या पूर्वजांत आफ्रिकन आहे आणि कुणाच्या नाही, हे ठरवणार कोण? हेल्वेसिओ मार्टिन्स हे पेट्रोब्रास या तेल कंपनीतले कृष्णवर्णीय अधिकारी. १९७२ मध्ये ते सभासद झाले, त्या मंदिराच्या कामासाठी झटले, आणि बंदी उठली नसती तर त्याच मंदिराच्या विधींना त्यांना प्रवेश नव्हता.

आता तारखा बघा. नियम बदलला १९७८ मध्ये. पहिले कृष्णवर्णीय 'जनरल अथॉरिटी' म्हणून मार्टिन्स यांची नेमणूक झाली १९९० मध्ये, बारा वर्षांनी. आफ्रिकेतले पहिले कृष्णवर्णीय, केनियाचे जोसेफ सिताती, २००९ मध्ये, म्हणजे एकतीस वर्षांनी. अमेरिकेतले पहिले आफ्रिकन-अमेरिकन जनरल अथॉरिटी सेव्हन्टी पीटर एम. जॉन्सन २०१९ मध्ये. एक्केचाळीस वर्षं. आणि परिषदेत बोलणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री, प्रायमरीच्या अध्यक्षमंडळातल्या ट्रेसी ब्राउनिंग, ऑक्टोबर २०२२ मध्ये. चव्वेचाळीस वर्षं.

हे बघून एकदम 'ढोंग' म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. थोडा अंशी ते खरंही असेल. पण शिडी आठवा. नियम बदलला त्या दिवशी पौरोहित्य मिळालेला तरुण आधी आपल्या गावच्या शाखेचा प्रमुख होणार, मग विभागाचा, मग कदाचित सेव्हन्टी. एकेक पायरीला वर्षं जातात. आणि सर्वांत वरच्या पंधरा जागा हयातभराच्या असल्यामुळे तिथे जागाच क्वचित रिकामी होते. ३१ मार्च २०१८ रोजी दोन जागा एकदम भरल्या तेव्हा चिनी वंशाचे अमेरिकन गेरिट गाँग आणि ब्राझीलचे युलिसीस सुआरेस प्रेषित झाले. पहिले आशियाई वंशाचे आणि पहिले लॅटिन अमेरिकन प्रेषित. त्याआधी खालच्या पायऱ्यांवर कोण कधी आलं ते पाहिलं तर हा क्रम समजतो : हवाईतले जपानी वंशाचे एडनी कोमात्सु आणि नवाहो आदिवासी जॉर्ज पी. ली, दोघंही १९७५. अर्जेंटिनाचे आन्हेल आब्रेया, १९८१. खालच्या पायरीवर दिसलेला बदल वर पोचायला चाळीसेक वर्षं लागली. माझ्या आलेखात २०१८ ला जी उडी दिसते तिची मुळं १९७५ मध्ये आहेत.

तरीही कालावधीचा सगळा दोष शिडीवर टाकता येत नाही. मार्टिन्स १९७८ नंतर बारा वर्षांत पोचले, मग अमेरिकेतल्याच माणसाला एक्केचाळीस का लागली? बंदीच्या काळात अमेरिकेतले किती कृष्णवर्णीय या चर्चजवळ यायला धजावले असतील, हा त्याचा एक भाग. ज्यांना दाराबाहेर ठेवलं त्यांची पुढची पिढीही दारापाशी नसते. डिसेंबर २०१३ मध्ये चर्चने स्वतः एक निबंध प्रसिद्ध करून बंदीच्या समर्थनार्थ पूर्वी दिलेली वांशिक स्पष्टीकरणं नाकारली. पण निबंधाने गेलेली पिढी परत येत नाही.

इथे 'वंश' मोजण्याबद्दल एक कबुली. मी आधी फोटो बघून रकाना भरत होते. मॅडमनी थांबवलं, आणि बरं झालं. पीटर जॉन्सन या नावावरून काही कळत नाही, गेरिट गाँग यांचं पहिलं नाव डच आहे, आणि फोटोवरून माणसाचा वंश ठरवणं म्हणजे आपण त्याच ब्राझीलच्या पेचात जाऊन बसणं. मग मी जन्मदेश घेतला. तर आणखी गंमत झाली! एकोणिसाव्या शतकातले नेते बघा. तिसरे अध्यक्ष जॉन टेलर इंग्लंडमध्ये जन्मले होते, प्रेषित अँथन लुंड डेन्मार्कचे. विसाव्या शतकात येऊनही जॉन विट्सो नॉर्वेत जन्मलेले, गटिंगेनहून पीएचडी केलेले रसायनशास्त्रज्ञ. परदेशात जन्मलेले लोक व्यासपीठावर पहिल्यापासून होते, कारण हे चर्च ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियातून बोटी भरभरून आलेल्या लोकांवर वाढलं. जन्मदेशाचा आलेख त्यामुळे सरळ चढत नाही. आधी वर असतो, स्थलांतर आटल्यावर खाली येतो, मग पुन्हा चढतो. पण पहिला उंचवटा गोऱ्या युरोपियनांचा आणि दुसरा वेगळ्या लोकांचा. एकाच रकान्यात दोन इतिहास कोंबले जातात.

(याच धर्मप्रचाराच्या लाटेत ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्यात त्याने एक छोटी शाखाही काढली. फार टिकली नाही. पुण्याची असून हे मला सॉल्ट लेक सिटीच्या वाटेने कळलं.)

आता बायकांकडे येऊ. वंशाच्या बाबतीत नियम उठला आणि मग शिडीने वेळ घेतला. स्त्रियांच्या बाबतीत नियम उठलेलाच नाही. त्यामुळे त्यांचा आलेख चढतो तेव्हा तो छताखालीच चढतो. पण 'पूर्वी बायका गप्प होत्या, आता बोलू लागल्या' असं जे माझ्या पहिल्या आलेखात दिसत होतं, तेही खोटं होतं.

ऑक्टोबर १८४५. इलिनॉयमधलं नॉव्हू गाव. सगळा समाज पश्चिमेला निघायच्या तयारीत, मंदिर जवळजवळ पूर्ण, आणि परिषद त्याच मंदिरात भरलेली. तिथे खून झालेल्या जोसेफची आई लुसी मॅक स्मिथ उभी राहिली आणि हजारोंच्या सभेपुढे बराच वेळ बोलली. आपल्या कुटुंबाबद्दल, गमावलेल्या मुलांबद्दल. ती पुढे पश्चिमेला गेली नाही, १८५६ मध्ये नॉव्हूतच वारली. पण तिचं भाषण नोंदलं गेलं.

रिलीफ सोसायटीची स्थापना तर त्याआधीच, १७ मार्च १८४२ रोजी झाली होती. युटात गेल्यावर या बायकांनी स्वतःच्या सभा घेतल्या, पैसा सांभाळला, १८७२ ते १९१४ 'वुमन्स एक्स्पोनंट' हे नियतकालिक चालवलं. एमेलिन वेल्स त्याच्या दीर्घकाळच्या संपादक. युटातल्या बायकांना १८७० मध्येच मताधिकार मिळाला होता. १८८७ मध्ये केंद्राने तो काढून घेतला आणि १८९६ मध्ये राज्य झाल्यावर परत मिळाला. त्याच वर्षी मार्था ह्यूज कॅनन ही मॉर्मन डॉक्टर अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याची पहिली स्त्री सिनेटर म्हणून निवडून आली. या बायका गप्प बसणाऱ्या होत्या असं कोण म्हणेल? त्या बोलत होत्या, फक्त दुसऱ्या दालनात. आणि त्या दालनाचं इतिवृत्त माझ्या फाइलमध्ये नव्हतं.

मग विसाव्या शतकाच्या मध्यात चर्चचा कारभार एका छत्राखाली आणण्याची मोहीम सुरू झाली. रिलीफ सोसायटीचं स्वतंत्र मासिक १९७० मध्ये बंद झालं, पैशांचा कारभार काढून घेतला गेला, आणि त्या दशकाच्या मध्यावर तिच्या स्वतःच्या परिषदाही थांबल्या. दुसरं दालन बंद झालं, पण पहिल्या दालनात खुर्च्या वाढवल्या नाहीत. आता आठवा, संकेतस्थळावरचा मजकूर कुठून सुरू होतो? १९७१. म्हणजे माझा आलेख नेमका बायकांचा आवाज सर्वांत खाली गेलेल्या क्षणापासून सुरू होत होता. तिथून कुठलीही रेषा वरच जाणार! जेनिफर रीडर आणि केट होलब्रुक यांनी २०१७ मध्ये चर्चच्याच प्रकाशनातून मॉर्मन स्त्रियांच्या १८५ वर्षांतल्या भाषणांचा 'अ‍ॅट द पुल्पिट' हा संग्रह काढला. तो मी आधी वाचायला हवा होता. कोड लिहिण्याच्या नादात वाचन मागे पडतं, हा आम्हा विज्ञानवाल्यांचा जुना रोग.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सर्वसाधारण सत्रांत स्त्री वक्ता असणं हळूहळू नेहमीचं झालं. पण प्रार्थना मात्र पुरुषच म्हणत. प्रार्थनेसाठी पद लागत नाही, तरीही. २०१३ च्या सुरुवातीला काही सभासदांनी पत्रं लिहून मागणी केली, आणि त्या एप्रिलमध्ये जीन स्टीव्हन्स उभ्या राहिल्या. त्याच वर्षी केट केली या वकील बाईने 'ऑर्डेन विमेन' ही चळवळ सुरू केली. मागणी थेट पौरोहित्याची. ऑक्टोबर २०१३ मध्ये तिच्या गटाने पुरुषांच्या सत्रात बसू द्या म्हणून दारात रांग लावली. दार उघडलं नाही. मात्र ते सत्र पहिल्यांदाच सगळ्यांसाठी थेट प्रक्षेपित झालं. जून २०१४ मध्ये केलीला चर्चमधून बहिष्कृत करण्यात आलं. प्रार्थनेची मागणी मान्य होते आणि पौरोहित्याची मागणी करणारीला बाहेर काढतात, यातून छत नेमकं कुठे आहे ते कळतं.

यानंतरच्या काही वर्षांत आकड्यांनी मला सर्वांत जास्त फसवलं. स्त्रियांसाठीची वेगळी सभा परिषदेच्या आधीच्या शनिवारी होत असे. २०१४ च्या अखेरीस चर्चने ठरवलं की तीही परिषदेचंच एक सत्र मानायची. झालं, स्त्री वक्त्यांचा आकडा टुणकन वर. प्रत्यक्षात तीच सभा, त्याच खुर्च्या, फक्त नाव बदललं. २०१८ पासून शनिवारी संध्याकाळी एप्रिलमध्ये पुरुषांचं आणि ऑक्टोबरमध्ये स्त्रियांचं सत्र. म्हणजे स्त्रियांचं सत्र वर्षातून दोनदाऐवजी एकदा, आकडा खाली. २०२१ मध्ये दोन्ही बंद होऊन संध्याकाळचं सत्र सर्वांसाठी खुलं झालं, आकडा पुन्हा हलला. यातला कुठला बदल 'विविधता वाढली' आणि कुठला 'घटली'? स्त्रियांचं वेगळं सत्र गेलं हे समानतेकडे पाऊल म्हणायचं, की १९७० सारखं आणखी एक दालन बंद झालं म्हणायचं? माझा कल दुसऱ्या वाचनाकडे आहे. दालन बंद करताना पहिल्या दालनात जागा वाढवल्या का, एवढंच मी बघते.

इतकं मोजल्यावर एक दिवस कंटाळून मी भाषणं नुसती वाचायला घेतली. त्यात चिएको ओकाझाकी भेटल्या. १९२६ मध्ये हवाईत, जपानी वंशाच्या बौद्ध घरात जन्म; पंधराव्या वर्षी चर्चच्या सभासद; पेशाने शिक्षिका, नंतर मुख्याध्यापिका. १९९० मध्ये त्या रिलीफ सोसायटीच्या अध्यक्षमंडळात आल्या. तिथे पोचलेली ती पहिली गौरेतर स्त्री. १९९६ च्या त्यांच्या भाषणात एक टोपली आणि एक बरणी आहे. युटात हिवाळा कडक, म्हणून तिथल्या गृहिणी पीच बरणीत भरून ठेवतात, आणि हे घरासाठी तरतूद करण्याचं धार्मिक कर्तव्यच समजलं जातं. बेटांवर फळं बाराही महिने झाडाला. तिथे बरणी कशाला? टोपली पुरते. त्यांचं म्हणणं असं की फळ घरच्यांच्या मुखी लागणं महत्त्वाचं, भांडं कुठलं ते नाही; युटाच्या बरणीला धर्म समजू नका. हे वाक्य युटात वाढलेल्या माणसाला सुचलं असतं का, मला शंका आहे. २०१९ मध्ये निकाराग्वात जन्मलेल्या रेना आबुर्तो नैराश्याबद्दल बोलल्या आणि वडिलांनी आत्महत्या केल्याचं त्यांनी त्या मंचावरून सांगितलं. माझ्या शीटमध्ये या दोघी म्हणजे 'स्त्री' रकान्यातले दोन एकडे आहेत.

आणि भाषा? सगळेजण इंग्रजीतच बोलत, मातृभाषा कुठलीही असो. ऑक्टोबर २०१४ मध्ये वक्त्यांना आपल्या भाषेत बोलायची मुभा मिळाली आणि हाँगकाँगचे ची हाँग (सॅम) वाँग कँटोनीजमध्ये बोलणारे पहिले ठरले. त्याच परिषदेत स्पॅनिश आणि पोर्तुगीजही ऐकू आली. पुढे पुन्हा इंग्रजी. वाँग पुढेही वक्ते म्हणून माझ्या यादीत राहतील, पण त्यांची कँटोनीज राहणार नाही. लिंग आणि वंश यांच्या रकान्यांत हे कुठेच बसत नाही.

तर सध्या माझी शीट अशी आहे. प्रत्येक भाषणासमोर वक्त्याचं पद, त्या पदावर तेव्हा एकूण किती माणसं होती, नियमाने तिथे कोण येऊ शकत होतं, सत्र कुठलं आणि ते सत्र त्या वर्षी परिषदेचा भाग मानलं जात होतं का, आणि भाषणाची भाषा. 'वंश' हा रकाना मी काढून टाकला. त्याऐवजी जन्मदेश आहे, आणि त्या व्यक्तीने स्वतः आपली ओळख काय सांगितली आहे ते, सांगितली असेल तर. बऱ्याच ओळींत तो रकाना रिकामा आहे. मॅडम म्हणाल्या रिकामाच राहू दे. 'वुमन्स एक्स्पोनंट'चे अंक वेगळ्या फाइलमध्ये उतरवायला घेतले आहेत, १८७२ पासून. आज १८७४ वर आहे. चढता आलेख मात्र अजून माझ्या भिंतीवर आहे, वर लाल पेनाने मोठी फुली मारून.